येशूची दया मोठी की न्याय?

वसईकर:
परत तेच ऐकलं, बायबलच्या जुन्या करारातला देव कडक आणि येशू म्हणजे नुसती माया. मला अजिबात पटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला चाकर आठवा, राजाने त्याचं दहा हजार तालंतांचं कर्ज सोडून दिलं, सात जन्मांत फिटलं नसतं एवढं, आणि हा बाहेर पडल्या पडल्या दुसऱ्या चाकराचा गळा धरतो ते शंभर दीनारांसाठी, म्हणजे तेव्हाच्या मजुराचे शंभर रोज. मग राजा त्याला हाल करणाऱ्यांच्या हवाली करतो. शिक्षा कर्ज बुडवल्याची नाहीये, स्वतःला मिळालेली दया दुसऱ्याला नाकारल्याची आहे.

कातळफूल:
म्हणजे दिलेली माफी परत घेतली ना? मग ती कसली माफी. आणि मत्तय २५ मध्ये शेवटच्या न्यायाच्या वेळी शेरडांना, म्हणजे दोषी ठरलेल्या माणसांना, थेट सार्वकालिक शिक्षा. माणूस जगणार सत्तर-ऐंशी वर्षं आणि शिक्षा कधीच न संपणारी, याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वसईकर:
पण त्यांचा गुन्हा बघा की. भुकेल्याला जेवायला दिलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, तुरुंगातल्याला भेटले नाहीत. उपाशी माणसाच्या जागी बसून वाचा, आपल्या वतीने कुणीतरी हिशोब मागणार आहे हा केवढा आधार आहे.

जुनी_पोथी:
कातळफूल यांचा प्रश्न चर्चमध्येही जुनाच आहे. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन, चौथ्यातला बिशप निस्साचा ग्रेगरी, दोघांनाही शेवटी सगळे देवाकडे परततील अशी आशा होती. बाकी दयेसाठी सगळे योहान ८ मधली व्यभिचारात धरलेली बाई पुढे करतात, पण बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकनच्या हस्तलिखितांत ती गोष्टच नाही, त्यामुळे तिच्यावर फार भार नको.

वसईकर:
नसेना, पण दया आणि न्याय एकत्र कसे चालतात ते तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं. जुन्या करारातल्या लेवीय २०:१० च्या नियमाप्रमाणे पुरुषालाही तीच मरणाची शिक्षा होती, तरी ओढून आणली फक्त बाईला. येशूने आधी तिला दगडांनी मारायला निघालेल्यांना स्वतःकडे बघायला लावलं, ते गेल्यावर तिला म्हणाला मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नको. पाप नव्हतंच असं नाही म्हणाला.

कातळफूल:
हे मान्य, तिला पुढचं आयुष्य मिळालं. मग शेरडांनाही जा, यापुढे असं वागू नका, असं का म्हणत नाही कुणी? माझं अडलंय ते इथेच.