पायथॉनला लेझी (मागेल तसा एकेक तुकडा देणारा) स्प्लिट हवाच, नाही का?

धागाकर्ता:
परवा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत काम करताना ४०० एमबीची एकच स्ट्रिंग (सलग मजकूर) हातात आली. पाच-पाच अक्षरांचे तुकडे, मध्ये स्वल्पविराम. हवा तो तुकडा सापडला की थांबायचं, एवढंच काम. पण स्प्लिटने (स्ट्रिंगचे तुकडे करणारी पायथॉनची सोय) आधी साडेसहा कोटी तुकड्यांची अख्खी लिस्ट बनवायला घेतली. सीपायथॉनमध्ये (पायथॉनच्या नेहमीच्या रूपात) छोट्यात छोट्या स्ट्रिंगचा सांगाडाच चाळीसेक बाइटचा, वर लिस्टमधला ८ बाइटचा पॉइंटर (तुकड्याचा पत्ता). म्हणजे चारेक जीबी! प्रोसेस मेली. रस्ट भाषेचा स्प्लिट मुळातच इटरेटर (एका वेळी एकच तुकडा देणारी वस्तू) देतो, तुकड्यांची कॉपीही करत नाही. गो भाषेनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये १.२४ आवृत्तीत असंच एकेक तुकडा देणारं स्प्लिटसेक आणलं. मग पायथॉनमध्येच का नको?

प्रतिसाद १:
नको. एवढी स्ट्रिंग अखंड मेमरीत घेतलीत, चूक तिथे झाली. डेटा येतानाच थोडा थोडा वाचा. सुरुवातीचे चारच फील्ड हवे असतील तर किती वेळा तोडायचं ते सांगणारा मॅक्सस्प्लिट आहे. शिवाय इटरेटर एकदा फिरवला की संपला. त्याला लांबी विचारता येत नाही, शेवटून दुसरा तुकडा मागता येत नाही. नवखा माणूस त्यावर दुसऱ्यांदा लूप लावतो, काहीच मिळत नाही आणि एररही येत नाही. असली चूक शोधण्यात दिवस जातो. अगदीच गरज पडली तर रेगेक्सचं (नमुना म्हणजे पॅटर्न देऊन मजकूर शोधायची पद्धत) फाइंडइटर आहेच की, ते जुळणारे भाग एकेक करून देतं.

प्रतिसाद २:
फाइंडइटरनेच मला रडवलंय. 'स्वल्पविराम सोडून एक किंवा जास्त अक्षरं' असा पॅटर्न लिहिला होता. 'क,,ख' मध्ये स्प्लिट तीन तुकडे देतो, मधला रिकामा. माझ्या पॅटर्नने दोनच दिले. पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले आणि फोन नंबरच्या जागी पिनकोड जाऊन बसले. हे काम ज्याने त्याने घरी करायचं नाही, लायब्ररीत एकदाच नीट व्हायला हवं. धागाकर्त्याशी सहमत.

प्रतिसाद ३:
रस्टसारखं कॉपी न करता तुकडे द्या म्हणणाऱ्यांनी जावा भाषेचा अनुभव बघावा. तिथे सबस्ट्रिंग मूळ स्ट्रिंगचीच मेमरी वापरायची. दहा अक्षरं जपून ठेवली की मागची सगळी मेमरी अडकून राहायची. जावा ७च्या अपडेट ६ मध्ये ते बदलून कॉपी सुरू केली.

धागाकर्ता:
मान्य, पण तुकड्यांची कॉपी होऊ दे की. माझी मागणी फक्त एका वेळी एकच तुकडा मिळावा एवढी आहे. आत्ता मी फाइंडने पुढचा स्वल्पविराम शोधतो, तिथवरचा तुकडा यील्ड करतो (म्हणजे तेवढाच बाहेर देतो), आणि शेवटी उरलेला भाग रिकामा असला तरी यील्ड करतो. छोट्या स्ट्रिंगवर हे साध्या स्प्लिटपेक्षा हळू चालतं, म्हणूनच आतून सी भाषेत लिहिलेलं हवंय. आहे तो स्प्लिट बदला असं मी म्हणतच नाहीये.