मदत हवी आहे: सहजीवी ताऱ्यांची यादी आवरतच नाही

रात्रपाळी_सातारा
नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी सरांना दाखवायचाय. आकाशगंगेतले सहजीवी तारे सर्वेक्षणाच्या डेटातून हुडकायचे आहेत, म्हणजे तांबडा राक्षसी तारा आणि त्याचा वायू ओढून घेणारा श्वेत बटू अशी जोडी. एका अक्षावर आर वजा आय (तारा किती लाल ते), दुसऱ्यावर आर वजा एच-अल्फा (हायड्रोजनच्या लाल उत्सर्जन रेषेचा जोर) असा आलेख काढला आणि वर गेलेले सगळे ठिपके उचलले. यादी संपता संपत नाही. वर सीएच सिग्नी हा नावाजलेला सहजीवी तारा तपासायला घेतला तर तोच यादीत नाही! जरा लवकर सांगा.

मिरजकर_काका
कुठलं सर्वेक्षण? आकाशाचा कुठला तुकडा? अवरक्त डेटा जोडलाय का? आमच्या मिरजेत पेशंट नुसतं 'दुखतंय' म्हणून बसला तर डॉक्टरसुद्धा काही करू शकत नाही.

रात्रपाळी_सातारा
आयफॅस, एच-अल्फाचं सर्वेक्षण, अजून कुठलं असणार काका? हंस तारकासमूहाचा भाग घेतलाय. टॉपकॅटमध्ये (याद्या जुळवायचं सॉफ्टवेअर) टूमास हे अवरक्त सर्वेक्षण जोडलंय, ५ आर्कसेकंदांच्या आतले ठिपके एकच तारा धरून.

पाचगणी_डॉब
८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घे. जुनी मिळाली तरी चालेल. कासच्या बाजूला उन्हाळ्यात आकाश झकास असतं.

मिरजकर_काका
दुर्बीण कुणी मागितली?
हे बघ बाळा, सीएच सिग्नी तुला तिथं सापडणारच नाही. आयफॅस ला पाल्मा बेटावरच्या २.५ मीटरच्या आयझॅक न्यूटन दुर्बिणीनं केलंय, तेही आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर-खाली ५ अंशांपर्यंतच. सीएच सिग्नी प्रतलापासून १५ अंशांवर. आणि असता तरी इतका तेजस्वी आहे की प्रतिमा संतृप्तच झाली असती, म्हणजे जास्त प्रकाशानं मोजमापच बिघडलं असतं. झेड अँड्रोमेडी, टी कोरोना बोरिआलिस या नावाजलेल्या सहजीवींचीही तीच गत, दोन्ही पट्ट्याबाहेर. पडताळणीला व्ही ४०७ सिग्नी घे, तो प्रतलातच आहे. २०१० मध्ये त्याचा स्फोट झाला तेव्हा फर्मी उपग्रहाला गॅमा किरण मिळाले होते, तोच. आधी त्याच्या नोंदीतला संतृप्तीचा फ्लॅग (खूण) तेवढा बघ.
आणि ५ आर्कसेकंद फार झाले. हंसात ताऱ्यांची एवढी गर्दी की शेजाऱ्याचाच अवरक्त रंग तुझ्या ताऱ्याला चिकटत असणार. १ वर आण.

कोड_कराड
हाताने रेघा कशाला मारताय? सरळ रँडम फॉरेस्ट लावा, माहीत असलेल्या ताऱ्यांवरून शिकून संगणकच वर्गवारी करतो, दहा मिनिटांचं काम.

वर्णपट_वाई
आणि शिकवणार कशावर? बेल्चिन्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या यादीत खात्रीचे सहजीवी १८८, संशयित ३०. नंतर भर पडली, तरी आकाशगंगेतले पक्के तारे शेकड्यांतच मोजायचे. समोर कोट्यवधी साधे तारे. त्या फॉरेस्टनं सगळ्यांना 'सहजीवी नाही' म्हटलं तरी अचूकता ९९ टक्क्यांच्या वर दिसेल.

कोड_कराड
वर्गांना वजन देता येतं हो. वापरून तरी बघा, मग बोला.

वर्णपट_वाई
बरं. रात्रपाळी, तुझ्याकडे जे गोळा झालंय त्यात बी-ई तारे (भोवती वायूची तबकडी असलेले तप्त तारे), टी टॉरी (कोवळे तारे) आणि ग्रहीय अभ्रिका (मरत्या ताऱ्यांनी फेकलेला वायू) भरपूर असणार. एच-अल्फा त्या सगळ्यांतच असते. यातले बटू, म्हणजे राक्षस नसलेले छोटे तारे, बाजूला काढायला गाया उपग्रहानं मोजलेलं अंतर वापर. समज टूमासची के (अवरक्त) प्रत १२ आणि अंतर १ किलोपार्सेक (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), तर निरपेक्ष प्रत, म्हणजे ताऱ्याचं खरं तेज, २ येते. प्रतीचा आकडा जितका कमी तितका तारा तेजस्वी. सहजीवी जोडीतला राक्षस उणे ४-५ किंवा त्याहून तेजस्वी हवा. म्हणजे तो ठिपका बाद. मात्र पॅरॅलॅक्सची (ज्यावरून अंतर काढतात त्या कोनाची) त्रुटी मोठी असेल तर हा नियम लावू नकोस, ते तारे वेगळे ठेव.
उरलेल्यांत 'जे' वजा 'एच', 'एच' वजा 'के' हे टूमासचे अवरक्त रंग बघ. ज्यांच्याभोवती धूळ आहे, बहुधा मीरा प्रकारचा (स्पंदन पावणारा) राक्षसी तारा असलेले, ते एच वजा केमध्ये पार लांब जातात. बाकीचे साध्या राक्षसांसारखेच दिसतात.
पण वर्णपटाशिवाय शिक्का मारू नकोस. टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे (थंड राक्षसाची खूण) आणि त्यावर ४६८६ अँगस्ट्रॉमची हेलियमची रेषा (तप्त जोडीदाराची खूण) मिळाली की अर्धी लढाई जिंकलास. ६८२५ अँगस्ट्रॉमला रुंद रेषा दिसली तर वाद संपला. ऑक्सिजनच्या १०३२ अँगस्ट्रॉमच्या फोटॉनचं हायड्रोजनवर रामन विकिरण होऊन ती येते. अर्थात ती नसली म्हणून तारा बाद होत नाही, बऱ्याच सहजीवींत ती नसतेच.

विटा_नभ
एच-अल्फावरच सगळी मदार ठेवता, म्हणून तर निम्मे तारे सुटतात. एसयू लिन्सिस बघा. साधा तांबडा राक्षस म्हणून खपून गेला होता, कठीण क्ष-किरणांमुळे पकडला गेला. उत्सर्जन रेषा अगदी क्षीण. असे किती लपलेत कोण सांगणार? एकूण संख्येचे अंदाज ३ हजारांपासून ४ लाखांपर्यंत आहेत ते उगाच नाही. अतिनील भागातली लुकलुक शोधायला हवी.

वर्णपट_वाई
बरोबर, पण पोराचं सोमवारी सादरीकरण आहे. क्ष-किरण कुठून आणणार तो?

तासगाव_तारा
टी कोरोना बोरिआलिस कधी फुटणार? आधीचे स्फोट १८६६ आणि १९४६ चे, म्हणजे ८० वर्षांचं अंतर. आमच्याकडे कारखान्याच्या धुरात दिसेल का?

मिरजकर_काका
वेगळा धागा काढा.

पाचगणी_डॉब
धूर परवडला, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे बघा. प्रत्येक फोटोत लुकलुकतात.

रात्रपाळी_सातारा
१ आर्कसेकंद केलं आणि गाया जोडलं. यादी धाडकन खाली आली. व्ही ४०७ चा फ्लॅग अजून बघायचाय. पण दोन ठिपके आहेत, अंतर राक्षसाला जुळतंय, आर वजा आय भरपूर लाल, एच-अल्फा जोरात, तरी सिंबाद या ताऱ्यांच्या माहितीकोशात नुसतं 'तारा' लिहिलंय. यांचा वर्णपट कुठं मिळेल? दोन्ही १६ प्रतीच्या आसपास आहेत.

वर्णपट_वाई
१६ म्हणजे इतके मंद की माझ्या ग्रेटिंगच्या (प्रकाशाचा वर्णपट पाडणारी जाळी) आवाक्याबाहेर. आधी गायाचे कमी विभेदनाचे वर्णपट बघ, जून २०२२ च्या तिसऱ्या संचात सुमारे २२ कोटी ताऱ्यांचे आहेत. टायटॅनियमचे पट्टे त्यात ओळखू येतात. मग लॅमोस्ट या चिनी दुर्बिणीच्या वर्णपटांत शोध. तिथंही नसेल तर गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीसाठी सरांना अर्ज करायला सांग. आणि निर्देशांक इथं टाकू नकोस, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

कोड_कराड
मलाही कर. फॉरेस्टमधून काढून बघतो काय येतं ते.

पाचगणी_डॉब
डॉब्सोनियनचं काय ठरलं मग?