'एकही काना, मात्रा किंवा बिंदू' : मुळात दोन वस्तू असताना मराठीत तीन कशा?

बोरूबहाद्दर :
एका इंग्रजी उपासनापुस्तिकेचा अनुवाद सध्या हातात आहे. तिच्यातील एक प्रकरण शास्त्राच्या अपरिवर्तनीयतेवर असून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील अठरावे वचन त्याचा पाया आहे. आकाश व पृथ्वी नाहीतशी होईपर्यंत नियमशास्त्रातील बारीकसे चिन्हही रद्द होणार नाही, असे येशू त्यात सांगतो. इंग्रजीतील 'जॉट' आणि 'टिटल' या जोडीसाठी मी रूढ मराठी बायबलातील 'एकही काना, मात्रा किंवा बिंदू' हेच शब्द घेतले. मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी त्यावर खूण करून विचारले आहे की, ग्रीकमध्ये दोन वस्तू असताना मराठीत तीन कोठून आल्या, आणि शास्त्रात तसूभरही बदल होत नाही असे सांगणाऱ्या वाक्यातच आपण भर घालावी का? त्यांनी सुचवलेले 'एकही अक्षर किंवा रेघ' मला निर्जीव वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

नगरकर :
मुळीच बदलू नका. आमच्या नगर भागातील मंडळ्यांत हे वचन पिढ्यानुपिढ्या याच शब्दांत पाठ केले गेले आहे. माझ्या आजीला 'खचीत सांगतो' याऐवजी कोणी 'खरे सांगतो' असे वाचलेले चालत नसे, मग काना-मात्रा काढून टाकल्यावर तिने काय केले असते याची कल्पनाच करवत नाही. शिवाय 'कानामात्रेचाही फरक नाही' असे आपण व्यवहारात म्हणतोच. ज्या भाषांतरकाराला हा शब्दप्रयोग सुचला त्याला मराठीचा कान होता. वस्तू दोन की तीन हा हिशेब वाण्याचा झाला.

ग्रीकवेडा :
हिशेब वाण्याचा असला तरी तो एकदा मांडू या. ग्रीक पाठात 'इओता' आणि 'केराइया' असे दोन शब्द आहेत. इओता हे ग्रीकमधील सर्वांत लहान अक्षर असून त्यामागे हिब्रू 'योद' अभिप्रेत आहे असे सामान्यतः मानले जाते. केराइया म्हणजे लहानसे शिंग, म्हणजेच अक्षराला असलेला बारीक फाटा किंवा टोक. लूकच्या सोळाव्या अध्यायात हाच विचार येतो तेव्हा इओता नाहीच, फक्त केराइया आहे. म्हणजे मुळात उल्लेख आहे तो एका व्यंजनाचा आणि व्यंजनाच्या एका अवयवाचा. काना आणि मात्रा ही मात्र स्वरचिन्हे आहेत, आणि येशूच्या काळातील हिब्रू लिपीत स्वरचिन्हे नव्हतीच. जे अस्तित्वातच नव्हते ते 'रद्द होणार नाही' असे आपण मराठीत छापत आलो आहोत.

अलिबागकर :
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, तेव्हा या विषयात थोडे बोलण्याचा अधिकार घेतो. सिनेगॉगमधील पेटीत ठेवलेली सेफेर तोरा ही चर्मपत्राची गुंडाळी आजही स्वरचिन्हांशिवायच हाताने लिहिली जाते, आणि वाचणाऱ्याला उच्चार छापील पुस्तकावरून आधी पक्के करून यावे लागतात. अक्षरांखालचे ते ठिपके आणि रेघा मासोरा, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या परंपरेतील विद्वानांनी लावल्या. त्यांतील गालीलातल्या तिबिरिया गावची पद्धत पुढे सर्वमान्य झाली, आणि तिचा काळ ख्रिस्तानंतर काही शतकांचा आहे. ठिपके नसल्यामुळे काय होते याचे उदाहरण खुद्द 'वचन' या शब्दाचेच घ्या. द, ब आणि र या तीन अक्षरांचा उच्चार 'दावार' केला तर वचन, आणि 'देवेर' केला तर महामारी. यशयाच्या नवव्या अध्यायात परमेश्वराने याकोबाकडे 'वचन' पाठवले असे हिब्रू परंपरा वाचते, तर प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे 'मृत्यू' पाठवला आहे. एकाही अक्षराला धक्का न लागता असे घडू शकते. तेव्हा मराठी भाषांतरकाराने नकळत का होईना, दुखऱ्या जागेवरच बोट ठेवले आहे असे मला वाटते.

ग्रीकवेडा :
अलिबागकरसाहेब, या ठिपक्यांवरून युरोपात मोठे रणकंदन झाले होते. एलिया लेविता या यहुदी व्याकरणकाराने १५३८ मध्ये ठिपके उत्तरकालीन असल्याचे मांडले. पुढे बासेलच्या बुक्सटोर्फ पितापुत्रांनी त्यांच्या प्राचीनतेचा कैवार घेतला, तर लुई कापेल या फ्रेंच प्रॉटेस्टंट पंडिताने लेविताची बाजू लढवली. प्रकरण इतके ताणले गेले की, १६७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या श्रद्धापत्रकात व्यंजनांबरोबर स्वरचिन्हेही, निदान त्यांचा आशय तरी, ईश्वरप्रेरित असल्याचे नमूद करावे लागले. 'एकही काना, मात्रा' हे मराठी शब्द त्या मंडळींना फार आवडले असते.

खिळेजुळव्या :
माझे आयुष्य छापखान्यात गेले, म्हणून केराइयाविषयी सांगतो. हिब्रूतील 'दालेत' आणि 'रेश' या अक्षरांत फरक आहे तो फक्त उजव्या कोपऱ्याचा, एकाचा कोपरा टोकदार तर दुसऱ्याचा गोलसर. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात जे लोक 'दोदानीम' आहेत, तेच पहिल्या इतिहासात 'रोदानीम' म्हणून येतात. आमच्याकडे 'घ' आणि 'ध' यांच्या खिळ्यांनी हाच उच्छाद मांडलेला असे, वरची गाठ शाईने बुजली की घराचे धर व्हायचे. म्हणून माझी सूचना अशी की, 'एकही अक्षर किंवा अक्षराची गाठ' असे लिहावे. वस्तू दोनच राहतात, आणि लिपीतला जिवंत शब्दही मिळतो.

नगरकर :
'अक्षराची गाठ' ऐकून लोकांना पोटातली गाठ आठवेल.

शुद्धमती :
मला 'बिंदू' या शब्दाविषयी बोलायचे आहे, कारण खरा विनोद तेथे आहे. जुन्या छपाईतील मराठी बायबलाची प्रत उघडून पाहावी. 'हीं', 'नाहीं', 'कांहीं' अशा शब्दांवर ठिपक्यांची नुसती पखरण आढळते. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीपुरते उरलेले हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि पुढील आवृत्त्यांतून ते गळाले. म्हणजे आकाश व पृथ्वी जागेवर असतानाच, एकही बिंदू रद्द होणार नाही असे सांगणाऱ्या मजकुरातील ढीगभर बिंदू आपण रद्द केले. माझ्या मते हा ऱ्हास आहे. त्या अनुस्वारांत शब्दांचा इतिहास होता.

मोडीप्रेमी :
मग मोडीचे काय कराल? विल्यम कॅरीच्या श्रीरामपूर मिशनने १८११ मध्ये छापलेला मराठी नवा करार मोडी लिपीत होता. (हे श्रीरामपूर बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे, नगरकरांनी उगाच हुरळून जाऊ नये.) मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेदच पाळला जात नाही. त्यामुळे त्या वाचकाचे वचन अपूर्ण होते असे म्हणायचे का? आणि लिपीतील फेरफाराचीच गोष्ट निघाली आहे, तर 'ध चा मा करणे' या आपल्या वाक्प्रचाराची आठवण करून देतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा 'धरावे'चे 'मारावे' केले गेले ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो न उतरो, एका अक्षरात माणसाचा जीव असतो हे मराठी माणसाला त्यातून जितके समजते तितके कोणत्याही शब्दकोशातून समजणार नाही. पुस्तिकेत 'शास्त्रात कोणी ध चा मा करू शकत नाही' असे खुशाल लिहावे.

बोरूबहाद्दर :
कल्पना आकर्षक आहे, परंतु 'ध चा मा' यात हेतुपुरस्सर लबाडी येते. मूळ लेखकाला केवळ लबाडीच नव्हे, तर नकलकाराचा प्रमादही नाकारायचा आहे.

ग्रीकवेडा :
तसे असेल तर मूळ लेखकाचीच पंचाईत आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत १९४७ च्या सुमारास सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी घ्या. चाळिसाव्या अध्यायात 'गवत सुकते, फूल कोमेजते' हे शब्द दोनदा येतात. लिहिणाऱ्याची नजर पहिल्या 'गवत सुकते'वरून दुसऱ्यावर उडी मारून गेली आणि मधला मजकूर राहिला. नंतर दुसऱ्या हाताने तो ओळींच्या मध्ये आणि पुढे समासात उभा लिहून भरून काढला. आणि हे घडले आहे कोठे, तर 'आमच्या देवाचे वचन सर्वकाळ कायम राहते' याच वाक्यात. प्राचीन ग्रीक भाषांतरातही तो मधला भाग नाही, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात हे वचन उद्धृत होते तेही त्या आखूड रूपातच.

नगरकर :
यात पंचाईत कसली? राहून गेलेला मजकूर समासात परत आला, यालाच जतन म्हणतात. हजारेक वर्षांनंतरच्या हिब्रू हस्तलिखितांशी ही गुंडाळी ताडून पाहिली, तेव्हा शब्दलेखनाचे पुष्कळ आणि पाठाचेही काही भेद निघाले, तरी यशयाचा संदेश तोच राहिला. श्रद्धेचे म्हणणे तेवढेच आहे. १९७८ च्या शिकागो येथील निवेदनातही, जे बायबलच्या निर्दोषतेविषयी पुरेसे कडक आहे, ईश्वरी प्रेरणा काटेकोरपणे मूळ हस्तलेखालाच लागू होते, आणि प्रती व भाषांतरे जितकी मुळाशी प्रामाणिक तितकी ती देवाचे वचन, असे म्हटले आहे.

ग्रीकवेडा :
परंतु ते मूळ हस्तलेख आज कोणाजवळच नाहीत, नगरकर. शिवाय येशू अरामी बोलत होता आणि शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत, म्हणजे पहिल्या पानापासूनच त्याचे शब्द बहुतांशी भाषांतरात आहेत. ज्या धर्माने आपल्या संस्थापकाची भाषा सोडण्यास कधी भय मानले नाही, त्याच्या श्रद्धेचे ओझे अक्षराच्या फाट्यावर टाकणे मला उफराटे वाटते.

नगरकर :
ओझे आम्ही टाकलेले नाही, वचनच तसे बोलते. आणि अक्षराचा धाक आपल्याकडेही आहेच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढे तिच्यात कोणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी होईल असे बजावले. प्रकटीकरणाच्या अखेरीस भर घालणाऱ्याला आणि गाळणाऱ्याला दिलेली तंबी याच जातीची आहे.

मोडीप्रेमी :
नाथांनी शुद्ध केली याचाच अर्थ तोवर ती अशुद्ध झाली होती.

शुद्धमती :
आणि नाथांच्या त्या ओवीतही 'पाठीं', 'तेणें', 'ताटीं' यांवर अनुस्वार आहेत, जे आजच्या छपाईत सर्रास गाळले जातात. त्यावर मात्र येथे कोणी अवाक्षर काढलेले नाही.