रद्द, रद्दबातल की निरसित?

आईचं नवीन मृत्युपत्र करतोय. वकिलांकडून कच्चा मसुदा आला त्यात एक वाक्य आहे, 'यापूर्वीचे मृत्युपत्र मी या लेखाने निरसित करीत आहे'. आईने वाचलं आणि विचारलं, निरसित म्हणजे काय रे, शंकानिरसन करतात तसं का? हसू आलं पण उत्तर काही देता येईना. रद्द, रद्दबातल, निरसित, खारीज सगळं एकच का? जाणकारांनी सांगा.

---

आईंचा कान पक्का आहे. शब्द तोच, निरसन म्हणजे काढून फेकणं, मग ती शंका असो नाहीतर कायदा. पण कायद्याच्या मराठीत तो रुळलाय तो कायद्यापुरताच, म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा त्यांनीच नवीन कायदा करून काढून टाकला की निरसन. कुठल्याही अधिनियमाचं शेवटचं पान बघा, बरेचदा 'निरसन व व्यावृत्ती' असं कलम सापडेल, व्यावृत्ती म्हणजे जुन्या कायद्याखाली जे होऊन गेलंय ते शाबूत ठेवणं (हा शब्द मी कोणाच्या तोंडी कधी ऐकलेला नाही). शहरी जमिनीच्या कमाल धारणेचा 1976 चा कायदा (यूएलसी) गेला तो 1999 च्या निरसन अधिनियमाने, महाराष्ट्राने तो स्वीकारला 29 नोव्हेंबर 2007 ला. आता जमिनीच्या व्यवहारातला माणूस 'यूएलसी निरसित झाला' म्हणेल का, तो म्हणणार यूएलसी उठला. आणि माझ्या मते उठला हा जास्त चांगला मराठी शब्द आहे, बंदी उठते, जप्ती उठते, तसा कायदाही उठतो. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र उठत नाही, तो उतरतो किंवा कमी होतो.

मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, करार, परवाना यांना सरळ रद्द करणे. रद्द अरबीतून आला, मूळ अर्थ परत फिरवणे, नाकारणे. रद्दी त्यातलीच, आणि गंमत म्हणजे रदबदलीसुद्धा, जिचा अर्थ आपल्याकडे कोणासाठी तरी शब्द टाकणं असा झालाय. बातल पण अरबीच, म्हणजे खोटं, पोकळ. म्हणून मी असा फरक करतो की रद्द ही कृती आणि बातल ही अवस्था. आपण आपला कागद रद्द करतो, कोर्ट दुसऱ्याचा कागद रद्दबातल ठरवतं. 'मी करार रद्दबातल करतो' असंही लोक लिहितात, चूक नाही, पण उगाच दोन पायऱ्या एकदम चढल्यासारखं वाटतं.

शब्द निवडायच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो, कोण रद्द करतंय आणि कधीपासून. कुलमुखत्यारपत्र आज रद्द केलं तर मुखत्याराने काल कायदेशीरपणे केलेला व्यवहार टिकतो. लग्नात तर हा फरक फारच महत्त्वाचा. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 11, पहिली बायको हयात असताना, घटस्फोटही झालेला नसताना दुसरं लग्न केलं तर ते शून्य, म्हणजे झालंच नाही. कलम 12 मधलं लग्न कोर्टाने रद्द ठरवेपर्यंत वैध असतं. आणि कलम 13 चा घटस्फोट म्हणजे लग्न झालं होतं, आता संपलं. पेपरवाले तिन्हीला 'लग्न रद्द' छापून मोकळे होतात.

खारीज आणि फेटाळणे वेगळं. तिथे होतं ते काढलं असं नाही, मागितलं ते दिलं नाही.

---

यात स्थगिती आणि मागे घेणे पण घाला, तिथेही लोक घोळ करतात. कृषी कायद्यांचंच बघा. 12 जानेवारी 2021 ला सुप्रीम कोर्टाने अंमलबजावणीला स्थगिती दिली, कायदे जिवंतच होते. 19 नोव्हेंबरला पंतप्रधानांनी मागे घेतो म्हणून जाहीर केलं त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सगळे 'कायदे रद्द' म्हणून पेढे वाटत होते पण कागदावर तेव्हाही काही हललेलं नव्हतं, निरसनाचं विधेयक संसदेत मंजूर झालं 29 नोव्हेंबरला आणि राष्ट्रपतींची सही त्यानंतर.

बाकी 'काडीमोड' कोणी आठवला नाही? काडी मोडली, संबंध संपला. असा शब्द कुठल्या परिभाषा कोशात बसून तयार होत नाही.

---

काडीमोड झकास, पण मृत्युपत्रात नको :) जीआरमध्ये 'अधिक्रमित' असतो तोही लक्षात ठेवा, म्हणजे नवा आदेश जुन्याच्या जागी बसला. नुसतं रद्द म्हटलं तर जागा रिकामी राहू शकते.

---

सगळ्यांचे आभार. वकिलांना फोन केला, म्हणाले टायपिस्टने जुन्या फॉरमॅटमधून उचललं असेल, 'रद्द करीत आहे' करून देतो. आता आई विचारते, मग जुनं मृत्युपत्र रद्दीत घालू का?

---

रद्दीत नको, अख्खा कागद उद्या कोणाच्या तरी हाती लागायचा. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चं कलम 70 बघा, नंतरच्या मृत्युपत्राने आधीचं रद्द होतंच, शिवाय करणाऱ्याने स्वतः रद्द करायच्या हेतूने फाडलं किंवा जाळलं तरी होतं. पण आधी नवीनवर आईंची आणि दोन साक्षीदारांची सही होऊ द्या, मग वकिलांना विचारून काय ते फाडा.