बीपी मशीन आणि वॉचमनचं टेबल (सोसायटी ग्रुप, सातारा)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी, मेंटेनन्समधले थोडे पैसे शिल्लक आहेत तर सोसायटीला एक बीपीचं मशीन घ्यावं असं चाललंय. खाली वॉचमनच्या टेबलावर ठेवू, येताजाता ज्याचं त्यानं बघावं

बी ५०१: आधी लिफ्टचं बघा 🙏

ए ३०२ काका: चांगली आयडिया. सकाळी अजिंक्यतारा चढून आलो की रोज बघत जाईन

सी १०१ सिस्टर ताई: काका चढून आल्याआल्या बघितलं तर आकडा वाढलेलाच दिसणार की ओ. आणि वॉचमनच्या टेबलाशी उभं राहून, शेजारी दोघं पार्किंगवरनं भांडतायत, तिथं कसलं बीपी कळतंय. आधी पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर असा की दंड छातीच्या लेव्हलला येईल, कफ म्हणजे मशीनचा पट्टा बाहीवर नाही तर उघड्या दंडावर. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यायचं. मग मिनिटभर थांबून परत एकदा. आणि मधे बोलायचं नाही

बी २०४ काकू: बोलायचं न्हाय, मग आमच्या ह्यांचं बीपी कधीच मोजून व्हायचं न्हाय 😂 मिसरी चालंल का गं?

सी १०१ सिस्टर ताई: मिसरी म्हणजे तंबाखूच की काकू

ए ४०५: माझं दवाखान्यात १५० येतं, घरी १२८. धरायचं कुठलं

सी १०१ सिस्टर ताई: दवाखान्यात घाबरून वाढतं बऱ्याच जणांचं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा, सकाळचं गोळी घ्यायच्या आधी, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर डॉक्टरांकडे जायचं, दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची आहे. वही सोबत न्या, गोळी वाढवायची का कमी ते डॉक्टर त्यावरनं ठरवतात

ए ३०२ काका: माझं नॉर्मल येतंय म्हणून मी गोळी बंदच केली

सी १०१ सिस्टर ताई: काका!! गोळी चालू होती म्हणून नॉर्मल होतं ते. आजच डॉक्टरांना फोन करा. कुणाचे पाय सुजत असतील तरी मनानं बंद करू नका, अ‍ॅम्लोडिपिन ह्या बीपीच्या गोळीनं काहींना सूज येते, डॉक्टर बदलून देतात. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधनं पेनकिलर आणून रोज खाताय ना निम्मी बिल्डिंग, त्यानं पण बीपी चढतं

डी ००३: गोळ्यांचा खर्च जड जात असेल तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा बीपीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात आपला सातारा जिल्हा होता

बी २०४ काकू: मी सैंधव वापरते, मला काय टेन्शन न्हाय

सी १०१ सिस्टर ताई: सैंधव पण मीठच काकू. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते जागतिक आरोग्य संघटना, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यात खर्डा, लोणचं, पापड, शेव सगळं आलं. भाकरीच्या पिठात पण टाकता ना तुम्ही, तिथनं सुरू करा, कुणाला कळणार पण नाही. ते लो सोडियम मीठ मात्र किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं

ए ४०५: आणि एकदम २०० वगैरे आलं तर?

सी १०१ सिस्टर ताई: १८०/१२० च्या वर आलं तर शांत बसून परत मोजा. तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं, एका बाजूचा हातपाय लुळा, बोबडं बोलणं यातलं काही असेल तर मोजत बसू नका, सरळ १०८. ग्रुपवर विचारत तर अजिबात नको

सेक्रेटरी: बरं मग मशीन मीटिंग हॉलमध्ये ठेवू, टेबल आहेच. मनगटावरचं स्वस्त मिळतंय, ते घेऊ का?

सी १०१ सिस्टर ताई: दंडावरचंच घ्या, आणि मोठा कफ वेगळा मागवा, जाड दंडाला छोटा बांधला की आकडा जास्त दाखवतो. ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या घरी, आकडे इथं टाकू नका प्लीज

सेक्रेटरी: ओके. पाठ टेकायची एक खुर्ची लागेल, आपल्या सगळ्या प्लास्टिकच्या डुगडुगतायत. कुणाकडे जास्तीची आहे का

बी ५०१: आहे माझ्याकडं, पण पाचव्या मजल्यावरनं खाली आणायला लिफ्ट लागंल