‘हाहाकार’ म्हणजे नेमकं किती पाणी?

माझी आई पंचवटीत राहते. जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गंगेला थोडं पाणी चढलं (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), आणि तासाभरात अमरावतीहून आत्याचा रडवेला फोन आला. “वहिनी, तुम्ही सुखरूप आहात ना? नाशकात हाहाकार म्हणून दाखवताहेत.” आई ओट्याशी बसून मेथी निवडत होती. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यालासुद्धा पाणी लागलं नव्हतं. वाहिनीवर मात्र एक हातगाडी वाहून जातानाचं तेच दहा-बारा सेकंदांचं दृश्य संध्याकाळपर्यंत फिरत होतं, आणि प्रत्येक फेरीला निवेदक नव्या दमानं ओरडत होता : रौद्ररूप, थैमान, तांडव, हाहाकार. आत्या ७८ वर्षांची आहे. ती त्या रात्री झोपली नाही. मला याचा खरोखर राग आला आहे, म्हणून हा विषय काढतो आहे.

‘हाहाकार’ हा शब्द पाण्याचा नाहीच. ‘हा! हा!’ असा माणसांनी केलेला आक्रोश म्हणजे हाहाकार. जिथे कोणी रडत नाही तिथे हाहाकार होऊच शकत नाही.

नाशिकला पुराची स्वतःची भाषा आहे. रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला, कमरेला, गळ्याशी आलं, असं म्हटलं की जुन्या नाशिकमधल्या माणसाला कुठल्या गल्लीत शिरून सामान हलवायचं ते कळतं. त्यावरचं माप नारोशंकराच्या मंदिराची घंटा, वसईच्या विजयाची खूण असलेली. घंटेला पाणी लागलं तर तो महापूर. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला होता. त्या दिवसांसाठी मोठे शब्द राखून ठेवायला नकोत का? गुडघाभर पाण्यालाच ‘महापूर’ म्हटलं, तर घंटा वाजेल त्या दिवशी काय म्हणणार?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकच बातमी दिवसभर फिरवत राहण्याला चांगला मराठी शब्द कोणता? आणि असं ओरडून बातमी सांगणाऱ्याला ‘निवेदक’ म्हणावं का?

निफाडहून

पहिल्याला ‘गुऱ्हाळ’ हा शब्द लोक सर्रास वापरतात. चर्चेचं गुऱ्हाळ, बातम्यांचं गुऱ्हाळ. माझ्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं, म्हणून सांगतो, हा शब्द इथे नको. चुलाणावर काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, चढली की रस उकळेपर्यंत मळी, म्हणजे वर येणारा मळकट फेस, काढत राहावी लागते, जाळ सांभाळावा लागतो, आणि शेवटी गुळाची ढेप हातात येते. हंगामात ते रात्रंदिवस चालतं, त्यावरून लांबलेल्या बोलण्याला हे नाव पडलं असावं. पण मळी न काढता नुसतं ढवळत बसणं याला आमच्याकडे गुऱ्हाळ म्हणत नाहीत.

कांद्याचंही तसंच. लासलगावला भाव पडले की दोन मिनिटं, आणि शहरात किलोमागे थोडे वाढले की ‘कांद्यानं रडवलं’ दिवसभर. रडणारा कोण, ते बघणाऱ्याला कधीच कळत नाही.

सिडकोतून

दादांचं पटलं. ‘दळण’ आणि ‘चऱ्हाट’ यांचीही तीच अडचण : दळलं की पीठ पडतं, वळलं की दोर होतो. जे चावून झालं, ज्यातला रस गेला, तेच तोंडात फिरवणं म्हणजे ‘चघळणं’, आणि उरतो तो ‘चोथा’. मी ‘चावून चोथा’ म्हणेन.

चार-सहा चौकटींतून सगळे एकदम बोलतात त्याला आमची सासूबाई ‘कालवा’ म्हणते. “बंद कर गं तो कालवा.” धरणाचा डावा कालवा वेगळा, हा गलक्याचा. मला तो ‘वादविवाद’पेक्षा कितीतरी खरा वाटतो. वादात एकाचं ऐकून दुसरा बोलतो.

मूळ लेखक

ताई, ‘कालवा’ माझ्या मनातून निसटला होता, आभार.

काल कोश उघडून बसलो होतो. ‘वृत्त’ हा शब्द ‘वृत्’ या धातूपासून आला आहे. या धातूचे दोन अर्थ : असणं-घडणं आणि फिरणं. घडलं ते वृत्त. फिरत राहिलं ते आवर्तन. ‘पुनरावृत्ती’ही त्याच धातूची. म्हणजे वृत्त आणि पुनरावृत्ती सख्खी भावंडं आहेत, आणि आपल्या पडद्यावर धाकट्यानं थोरल्याला घराबाहेर काढलं आहे.

‘निवेदन’ तर त्याहून सुंदर. नि + विद्, कळवणं, समोर ठेवणं. ‘नैवेद्य’ याच घरातला. देवासमोर पान मांडतो तसं समोर मांडणं. दूरदर्शनवरच्या सातच्या बातम्या आठवा. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आमच्या घरी संच आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ‘नुकत्याच हाती आलेल्या वृत्तानुसार’ असं निवेदिका एकदाच म्हणायची, आवाज न चढवता, आणि घरातले सगळे गप्प व्हायचे. तिला मी निवेदिका म्हणतो. पाहुण्याला प्रश्न विचारून उत्तर पूर्ण होण्याआधी त्याच्या अंगावर जाणाऱ्याला ‘आक्रस्ताळा’ हाच शब्द आहे. त्याला निवेदक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोल्हापूरहून

आमच्याकडे मारुतीऐवजी राजाराम बंधारा आहे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. शाळकरी पोरगंसुद्धा पावसाळ्यात “आज किती फूट?” असंच विचारतं. इशारा आणि धोका या दोन शब्दांत चार फुटांचं अंतर आहे, आणि त्या चार फुटांत माणसं दावणीची जनावरं सोडून उंचावर नेतात. टीव्हीवर ३५ फुटांनाच ‘कोल्हापूरला धोका’ अशी लाल पट्टी येते. पुण्या-मुंबईतल्या पोरांचे फोन सुरू होतात, आणि जनावरांकडे बघायचं सोडून आम्ही त्यांची समजूत काढत बसतो.

मूळ लेखक

हे वाचून लगेच एक काम केलं. मारुतीचं उन्हाळ्यातलं छायाचित्र काढलं, त्यावर पाय, गुडघा, कंबर, गळा अशा रेघा मारल्या आणि आत्याला पाठवलं. परवा रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला. साडेनऊला तिचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, “कमरेला आलं का रे?”

मी म्हटलं, “नाही आत्या, पायालाच आहे.”

“मग झोपते,” म्हणाली.