2016च्या पाणीटंचाईचं वार्तांकन: नमुना कसा घ्यावा, मोजावं काय?

पत्रविद्या:
नमस्कार. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय ठरला आहे: मराठवाड्यातली 2016ची पाणीटंचाई आणि दोन मराठी दैनिकं. कालावधी 1 जानेवारी ते 30 जून 2016. सिद्धान्त अजेंडा सेटिंग, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात. एका दैनिकाच्या बांधीव फायली ग्रंथालयात आहेत, दुसऱ्याचे अंक पीडीएफमध्ये मिळाले आहेत.

सगळे अंक मोजावे लागतील की नमुना चालेल? बातम्यांची संख्या घ्यावी की कॉलम-सेंटिमीटर? टक्केवारीचा तक्ता आला की "माध्यमांनी अजेंडा ठरवला" असं म्हणता येईल ना?

मोजपट्टी:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, म्हणता येणार नाही.

हा सिद्धान्त मांडणाऱ्या मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी अमेरिकेतल्या चॅपल हिलमध्ये 1968च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी दोन याद्या तयार केल्या होत्या. कोणत्या प्रश्नांना माध्यमांनी किती जागा दिली, ही एक. मत पक्कं न झालेल्या 100 मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, ही दुसरी. मुलाखती 18 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबरदरम्यान झाल्या आणि माध्यमांची मोजणीही त्याच सुमाराची होती. मुख्य बातम्यांवरचा भर आणि मतदारांचा क्रम यांतला सहसंबंध 0.967 आला (1 म्हणजे पूर्ण जुळणी), तो या दोन याद्यांमधला. तुमच्याकडे पहिलीच यादी आहे. 2016 साली तुम्हाला कोणता प्रश्न महत्त्वाचा वाटत होता, असं आज लोकांना विचारून उपयोग नाही. उत्तरात मधली सगळी वर्षं मिसळलेली असतील.

शिवाय त्या काळात लातूरला राहणाऱ्या माणसाला नळ कोरडा आहे हे पेपरातून कळायची गरज नव्हती. जो प्रश्न माणूस रोज स्वतः भोगतो, त्यावर माध्यमांचा असा प्रभाव कमी पडतो, हा मुद्दा संशोधक झुकर यांनी 1978मध्ये मांडला आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाबाबत अजेंडा सेटिंग तपासण्यात अर्थ होता, पण तेही त्याच वेळी सर्वेक्षण झालं असतं तर.

म्हणून सिद्धान्त बदला. फ्रेमिंग घ्या, म्हणजे बातमी प्रश्न कोणत्या चौकटीत मांडते ते पाहा. एन्टमन यांच्या 1993च्या मांडणीत चार गोष्टी पाहायच्या असतात: समस्या म्हणून काय मांडलं, कारण कोणतं दिलं, दोष कुणाला दिला, उपाय कोणता सुचवला. तुमच्याकडची सामग्री याच प्रश्नांची उत्तरं देऊ शकते. पाऊस कमी पडला, ऊस जास्त लावला, धरणातलं पाणी वरच्या भागात अडलं, नगरपालिकेची योजना रखडली: यांतलं कोणतं कारण कोणत्या दैनिकात किती वेळा आलं, हा खरा प्रबंध आहे. एका बातमीत दोन कारणं असली तर दोन्ही नोंदवा. "मुख्य कारण एकच निवडा" असा रकाना ठेवलात तर कोडिंग करणारा, म्हणजे बातमी वाचून रकाने भरणारा, अंदाजाने निवडतो.

शाईपट्टी:
नमुन्याबद्दल. 2016 लीप वर्ष होतं, त्यामुळे तुमचा कालावधी बरोबर 182 दिवसांचा, म्हणजे 26 आठवड्यांचा आहे. 26 सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक, 26 मंगळवारांतून एक, असे सात अंक काढले की एक रचित आठवडा होतो. सलग आठवडा घेऊ नका. रविवारचा अंक जाड, पुरवण्यांनी भरलेला. वारागणिक जागा बदलते. सहा महिन्यांच्या दैनिकासाठी एक रचित आठवडा पुरतो, असं रिफ, ऑस्ट आणि लेसी यांच्या 1993च्या अभ्यासात दिसलं होतं.

पण ते गणित रोज साधारण सारख्या प्रमाणात येणाऱ्या विषयांसाठी आहे. टंचाई जानेवारीत आतल्या पानावर असते आणि एप्रिल-मेमध्ये पहिल्या. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला पोचली; दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बुधवारची चिठ्ठी 13 एप्रिलची निघाली तर सात अंकांतला एकच अंक सगळा निकाल फिरवेल. त्यामुळे दर दोन महिन्यांचा एक थर करा आणि प्रत्येक थरातून दोन रचित आठवडे काढा. एका दैनिकाचे 42 अंक, दोघांचे 84. एका माणसाला झेपतं. दोन्ही दैनिकांसाठी तारखा त्याच ठेवा. 27 जानेवारीसारख्या सुट्टीनंतरच्या दिवशी अंक निघालेला नसतो. अशा तारखा चिठ्ठ्या टाकण्याआधीच यादीतून काढा.

सर्वांत मोठा घोळ आवृत्तीचा होतो. ग्रंथालयातली फाईल पुणे आवृत्तीची आणि पीडीएफ औरंगाबाद आवृत्तीच्या असतील, तर तुम्ही दोन दैनिकांची नव्हे, दोन शहरांची तुलना करत आहात. शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती (बाहेरगावी पाठवण्यासाठी आधी छापलेली) यांतही पहिलं पान बदलतं. आधी हे जुळवा. जुळत नसेल तर दैनिक बदला, पण असं मोजू नका.

पानांबाबत अजून एक. जॅकेट जाहिरात (अंकाभोवती गुंडाळलेलं जाहिरातीचं पान) असली की खरं पहिलं पान तिसऱ्या क्रमांकावर जातं. कोडशीटमध्ये (नोंदींच्या तक्त्यात) छापील पान क्रमांक आणि "बातम्यांचं पहिलं पान: हो/नाही" असे दोन वेगळे रकाने ठेवा.

मोजपट्टी:
जागेबद्दल: संख्या आणि क्षेत्र दोन्ही घ्या. चौकटीतली चार ओळींची बातमी आणि छायाचित्रासह आठ कॉलमी मथळा, दोन्ही "एक" धरले तर चित्र चुकतं. मात्र बांधीव फाईल पट्टीने आणि पीडीएफ पडद्यावर, असे सेंटिमीटर एकमेकांशी जुळणार नाहीत, कारण झूम बदलला की माप बदलतं. दोन्हीकडे टक्केवारी काढा: बातमीचं क्षेत्र भागिले त्या पानाचं छापील क्षेत्र, समास सोडून. मथळा आणि छायाचित्र धरायचं, शेजारची जाहिरात नाही. बांधणीच्या शिवणीत आतला कॉलम दबलेला असतो. फाईल ताणू नका, शेजारच्या कॉलमची रुंदी घ्या.

अक्षरजुळणी:
पीडीएफमध्ये शब्द शोधून बातम्या गोळा करायचा विचार असेल तर सावध. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये टंकलेलं काहीच सापडणार नाही. युनिकोड असला तरी "पाणी" शोधल्यावर "पाण्याचा", "पाण्यासाठी" सुटतात. "पाणीटंचाई" आणि "पाणी टंचाई" वेगळे, "टँकर" आणि "टॅंकर" वेगळे. उलट "टँकर"मध्ये महामार्गावरचे अपघातही येतात. शोध फक्त पडताळणीला वापरा. पानं डोळ्यांनीच चाळा.

कोडबुकमध्ये (कोडिंगच्या नियमांच्या वहीत) सीमेवरच्या बातम्यांचा नियम आधी लिहून ठेवा. 13 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. ती बातमी क्रीडा पानावर असेल तर टंचाईत धरायची का? माझ्या मते, पाण्याचा उल्लेख मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात असेल तर धरा, नाहीतर नको. नियम कोणताही चालेल, पण 84 अंकांना तोच लागला पाहिजे.

पत्रविद्या:
खूप आभार. फ्रेमिंगचं मार्गदर्शकांशी बोलते. दुसऱ्या कोडरसोबत 50 बातम्या करून पाहिल्या. "दोष शासनाला दिला: हो/नाही" या रकान्यात 45 जुळल्या, म्हणजे 90 टक्के. एवढं पुरेल?

मोजपट्टी:
दोघांनी "नाही" किती वेळा लिहिलं ते पाहा. समजा, तुमचे 42 आणि त्यांचे 43, म्हणजे सरासरी 85 टक्के. मग न वाचता नुसतं त्याच प्रमाणात टिक केलं तरी 0.85 वर्ग अधिक 0.15 वर्ग, म्हणजे 74.5 टक्के जुळणी योगायोगाने होते. योगायोग वगळून जुळणी मोजणारा स्कॉटचा पाय: (0.90 − 0.745) ÷ 0.255 = 0.61. हे कमी आहे. क्रिपेनडॉर्फ अल्फा हे असंच दुसरं माप काढलंत तरी इथे जवळपास तोच आकडा येईल, तिथे 0.80 अपेक्षित असतं आणि 0.667च्या खाली निष्कर्ष काढू नयेत असा संकेत आहे.

न जुळलेल्या पाच बातम्या समोर ठेवून दोघांनी बोला. बहुधा "टँकर वेळेवर येत नाही" हे गावकऱ्याचं वाक्य एकाने शासनाला दोष धरलं असेल, दुसऱ्याने नसेल. व्याख्या सुधारा: दोष कुणाच्या तोंडून आला, बातमीदाराच्या की उद्धृत व्यक्तीच्या, याचा वेगळा रकाना करा. मग नव्या 50 बातम्यांवर चाचणी घ्या. त्याच बातम्या परत घेतल्या तर जुळणी वाढलेली दिसेल, पण ती चर्चेमुळे.